दुसरी चूल

जुन्या जालन्यात, मस्तगडाच्या अंगाला, आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. घरमालक मुसलमान होते. पुढच्या बाजूला त्यांचं मोठं कुटुंब, लेकरं, सुना, नातवंडं, आणि मागच्या पडवीला लागून आम्ही. आम्ही म्हणजे बाबा, माय, मी आणि माझा धाकटा भाऊ. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. गल्लीत दुसऱ्या कुठल्याही घरात एवढी कमी माणसं नव्हती. नळावर बाया मायला म्हणायच्या, तुमचं काय बाई, चौघंच तर आहात, चार भाकरी थापल्या की मोकळ्या. त्यांना हेवा वाटायचा, पण मायला ते बोलणं लागायचं. ती परतूरकडच्या खेड्यातली, भावंडांच्या गराड्यात वाढलेली. चार माणसांचा स्वयंपाक तिला स्वयंपाकच वाटायचा नाही. पीठ मळताना हात आखडता घ्यावा लागतो, असं ती म्हणायची.

बहात्तरच्या दुष्काळात मावशी आमच्याकडे आली.

मावशी मायची पाठची बहीण. मावसा रानात मजुरी करायचे. रानात पीकच उभं राहिलं नाही तेव्हा गावात हाताला काम उरलं नाही, आणि विहिरीत पाणीही. एका दुपारी स्टेशनाकडून दोघं पायी आले, बरोबर दोन लेकी. मोठी माझ्या बरोबरीची, धाकटी चार-एक वर्षांची, अजून कडेवर बसायला मागणारी. मावसांच्या डोक्यावर वाकळांचं गाठोडं होतं आणि मावशीच्या हातात पितळी तांब्या. ती दारात उभी राहिली आणि आत यायला कचरली. माय पुढे झाली, तिच्या हातातला तांब्या काढून घेतला, तो आमच्या माठावर उपडा ठेवला आणि म्हणाली, "हात-पाय धू. भाकर तयारच आहे." भाकर तयार नव्हती. मायनं त्यांची पाठ वळल्यावर चूल पेटवली.

त्या दिवसापासून आमचं घर भरलं. मावसा आणि मावशी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. गावाबाहेर रस्त्याचं काम निघालं होतं. सकाळी जायची ती दिवस कलल्यावर तोंडावर धूळ घेऊन यायची. घरात माय एकटी सगळ्यांचं करायची. रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी थापताना कडेला तडकायच्या, त्या ती पाण्याच्या हातानं सांधत राहायची. मी आणि मावशीची मोठी लेक, अशा आम्ही दोघी एका ताटात जेवायचो आणि एका वाकळीत झोपायचो. ती झोपेत बोलायची. गावातल्या शेळीला हाका मारायची. मी सकाळी तिला सांगायची तेव्हा तिला पटायचं नाही.

लोकांच्या तोंडचं पाणी पळालेलं ते वर्ष. मोठ्यांच्या कपाळावरच्या आठ्या मला दिसत होत्या. पण खरं सांगायचं तर मायला मी त्या वर्षाइतकं सुखात कधी पाहिलं नाही. ती चुलीपुढे बसून गावच्या लोकांच्या नकला करायची, मावशी हसून हसून भिंतीला टेकायची. बाबा वह्या तपासता तपासता मान वर करून बघायचे आणि पुन्हा खाली घालायचे.

अडचण आली ती धान्याची. आमच्या रेशन कार्डावर चौघांची नावं. जेवणारी माणसं वाढली, धान्य मात्र तेवढंच. बाबांनी दुकानात विचारलं, मग कचेरीत विचारलं. तिथं त्यांना सांगण्यात आलं की पाव्हण्यांची नावं कार्डावर चढत नाहीत. पाव्हणे नसून वेगळं बिऱ्हाड असेल तर वेगळं कार्ड मिळतं. घरी येऊन बघून जातील.

मायला यात काही अडचण दिसेना. वेगळं आहे म्हणून सांगा, तिनं म्हटलं. बाबा मात्र अडून बसले. आदल्याच वर्षी त्यांनी खानेसुमारीचं काम केलं होतं. मस्तगडापासून नदीपर्यंत घरं त्यांनी पायाखाली घातली होती, आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारला होता, जेवण एका चुलीवर होतं की वेगवेगळ्या. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. भाऊ-भाऊ एका छपराखाली असले आणि चुली दोन असल्या तर कुटुंबं दोन. नातं नसलेली माणसं एका चुलीवर जेवत असली तर ते कुटुंब एक. लोकांच्या दारात उभं राहून जे विचारलं, ते आपल्या दारात खोटं कसं सांगू, असं त्यांचं म्हणणं.

माय म्हणाली, "खोटं कशाला सांगता? दुसरी चूल मांडू. मंग तर खरं व्हईल न्हाई का."

बाबा उठून पडवीत जागा बघायला गेले.

पडवीच्या कोपऱ्यात चूल घालायचं ठरलं. जागा घरमालकांची, म्हणून माय खालाला विचारायला गेली. खाला म्हणजे घरमालकीण, गल्लीतल्या सगळ्यांचीच खाला. तिनं नाही म्हटलं नाही. उलट माती तिनंच दिली, आपल्या परसातली, चाळून ठेवलेली. पण माती देताना ती मायला म्हणाली, "चूल्हा अलग करना आसान है बेटी, फिर मिलाना मुश्किल. सोचके कर." माय हसली. तिनं सांगितलं की ही चूल नुसती दाखवायची आहे. खालानं मान हलवली आणि ती आत गेली. तिच्या घरात मोठ्या लेकाची चूल वेगळी झाल्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पुढच्याच खोलीत तो राहायचा, आणि त्याच्या घरी काय शिजलं ते तिला वासावरून कळायचं.

दोघी बहिणींनी मिळून ती चूल घातली. मायनं लिंपलं, मावशीनं हात फिरवून गुळगुळीत केली. आम्ही पोरींनी बोटांनी कडेला नक्षी काढली.

कचेरीतला माणूस आला तेव्हा दोन्ही चुली पेटलेल्या होत्या. तो वयस्क होता, उन्हातून आल्यानं दमलेला. मायनं पाणी दिलं. त्यानं एक चूल बघितली, दुसरी बघितली, बाबांकडे बघितलं. मग मावशीच्या धाकट्या लेकीला जवळ बोलावून विचारलं, बाळ, तू कोणत्या चुलीवर जेवते?

ती म्हणाली, "जिच्यावर आधी व्हईल तिच्यावर."

बाबांचे कान लाल झाले. त्यांनी सरळ सांगून टाकलं की चूल आजच वेगळी पेटली आहे, कालपर्यंत एकच होती, आणि आजपासून वेगळी राहील एवढंच मी लिहून देऊ शकतो. तो माणूस पोरीकडे बघून म्हणाला, गुरुजी, आजपासूनची तर आजपासूनची. आणि कार्ड मिळालं.

बाबांनी मग शब्द पाळायला लावला. आजपासून वेगळी राहील असं सांगितलंय, तर ती वेगळीच राहिली पाहिजे. मायला हे भारीच वाटलं, पण तिनं तोडगा काढला. मावशी खडी फोडून यायच्या आधी दुपारीच ती पडवीतली चूल पेटवायची आणि मावशीच्या धान्याच्या भाकरी मावशीच्या चुलीवर करून ठेवायची. दोन्ही चुली तीच फुंकायची. धूर दोन्हीकडून निघायचा, बाबांचा शब्द राहायचा, आणि जेवायला आम्ही सगळे बसायचो ते एकाच पंगतीत. असे काही महिने गेले.

दुष्काळ ओसरला, कामं बंद झाली. मावसा गावाकडे परतले नाहीत. गावचे दोघे-तिघे पुण्याला इमारतींच्या कामावर गेले होते, त्यांच्याबरोबर तेही गेले. जाताना बाबांना म्हणाले, चार-सहा महिन्यांचा प्रश्न आहे, तवर लेकरं तुमच्या पदरात. मावशीला मोंढ्याच्या बाजारात धान्य निवडायचं काम लागलं. खडी फोडण्यापेक्षा हे काम हलकं होतं आणि ती उन्हं असतानाच घरी यायला लागली. आल्या आल्या पडवीतल्या चुलीपुढे बसायची. तिची भाकर मायच्या भाकरीपेक्षा जाड असायची आणि कालवणात तिखट जास्त. आम्हा पोरांना ते आवडायचं, नाकातून पाणी काढत आम्ही खायचो.

एका दुपारी मावशी घरी आली तेव्हा माय सवयीनं तिच्या चुलीपुढे बसून जाळ घालत होती. मावशी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही, उलट हळूच म्हणाली, "आक्का, ऊठ. माझ्या चुलीचं मी बघते."

माय उठली. हातातली फुंकणी मावशीकडे दिली, आणि आत जाऊन आपली चूल सारवायला लागली. चूल तर सकाळीच सारवलेली होती.

भांडण झालं नाही. दोघी एकमेकींना वाटीभर कालवण द्यायच्या, पोरींच्या वेण्या घालायच्या, एकत्र नळावर जायच्या. पण पंगत वेगळी झाली. मावशी सांगायची, आक्का, तुला आमच्यापायी थांबावं लागतं, दाजींना शाळेत जायचं असतं, तुम्ही जेवून घ्या. सगळं सोयीचंच होतं. आणि एक दिवस मायनं दिलेली वाटी मावशीनं परत केली ती घासून, पुसून, आत भाजलेले शेंगदाणे घालून. माय ती वाटी हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. संध्याकाळी ती बाबांना म्हणाली की घरातलं माणूस वाटी खरकटी ठेवतं, धुऊन देतो तो पाव्हणा. बाबांनी समजूत घातली, शेंगदाणे आहेत ना, चांगलंच आहे की. 

आता वाटतं, मावशीची काही चूक नव्हती. वर्ष-दीड वर्ष दुसऱ्याच्या घरात हात बांधून राहिल्यावर तिला एक कोपरा मिळाला होता, जिथं मीठ किती घालायचं ते तीच ठरवत होती. आणि मायचीही चूक नव्हती. तिला भरलेलं घर मिळालं होतं आणि ते तिच्या डोळ्यांदेखत हातभर सरकलं होतं. तेव्हा मला एवढंच कळायचं की आता माझी बहीण, मावशीची मोठी, दुसऱ्या ताटात जेवते. आम्ही दोघी आपापलं ताट घेऊन पडवीच्या उंबऱ्यावर यायचो आणि शेजारी शेजारी बसायचो. वाकळ मात्र एकच राहिली.

मावसांचे चार-सहा महिने लांबत गेले. कोणी गावचं पुण्याहून आलं की निरोप यायचा. आता रखवालदाराची नोकरी लागली, आता एका कारखान्यात चिकटले. मग एका उन्हाळ्यात ते स्वतः आले. अंगात पँट होती, आणि बोलणं थोडं बदललं होतं. त्यांनी सांगितलं की येरवड्याच्या पुढं वस्तीत खोली मिळाली आहे, पत्र्याची आहे पण आपली आहे, नळ जवळ आहे, पोरींना शाळा आहे. सांगताना ते मावशीकडे बघत होते आणि मावशी मायकडे बघत होती.

माय म्हणाली, चांगलं झालं. लेकरं बापाजवळ असली पाहिजेत.

जायच्या दिवशी सकाळी मायनं आपली चूल पेटवलीच नाही. मावशीच्या लक्षात आलं नाही, ती बांधाबांधीत होती. पोरींना खायला घालायचं म्हणून ती पडवीत भाकरी करायला बसली, तेव्हा माय पाट घेऊन तिच्यापुढे येऊन बसली. मावशीनं थापता थापता वर बघितलं.

"काय गं आक्का?"

"भूक लागली. वाढ मला."

एवढ्या वर्षांत मायनं मावशीच्या चुलीपुढे पाट मांडला नव्हता. मावशीनं तव्यावरची भाकर उलथली, चुलीला लावून फुगवली, ताटात ठेवली, वर तिखट वाढलं. मायला तिखट सोसायचं नाही. तिनं पूर्ण भाकर खाल्ली, पाणी पिऊन पिऊन खाल्ली, आणि दोघी बहिणींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मावशी म्हणाली, तिखट जास्त झालं का. माय म्हणाली, हो.

स्टेशनवर आम्ही सगळे गेलो. खालाही आली, बुरखा घालून, रुमालात गूळ-खोबरं बांधून. माझी बहीण खिडकीत बसली होती. तिनं गजाच्या बाहेर हात काढला आणि मी तो धरून ठेवला. गाडी हलली तेव्हा मी थोडं पळाले. नंतर बाबांनी मला मागे ओढलं.

त्या रात्री वाकळ मला फार मोठी झाली.

पडवीतली चूल बाबांना काढायची होती. पावसाळ्यात तिथं सरपण ठेवता आलं असतं. माय म्हणाली, राहू द्या. ती चूल पेटत नव्हती, पण माय दर आठवड्याला आपल्या चुलीबरोबर तीही सारवायची. पुढे आम्ही ते घर सोडलं, तोपर्यंत सारवत होती.

मॅट्रिक झाल्यावर सुट्टीत मी पुण्याला गेले. बाबा पोचवायला आले आणि दुसऱ्या दिवशी परतले. मला वाटलं होतं मावशीकडे चौघंच असतील. पण तिच्या पत्र्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मावसांचा पुतण्या होता, मावशीच्या नणंदेचा लेक होता, आणि गावातलाच एक जण होता ज्याचं आमच्याशी काहीच नातं नव्हतं, फक्त त्याची आई मावशीच्या ओळखीची होती. सगळे कामावर जाणारे. कोणी दिवसपाळीला, कोणी रात्रपाळीला, त्यामुळे झोपायची जागा कधी थंड पडायची नाही. एक उठला की दुसरा आडवा. सगळी वस्तीच तशी होती. परतूरचे, मंठ्याचे, जालन्याचे, बीडकडचे. एका खोलीत नुसते बापेच, पीठ आळीपाळीनं मळणारे. एका खोलीत म्हातारी आणि तीन नातवंडं, मधली पिढी मजुरीसाठी आणखी कुठेतरी. बायका-लेकरं ज्याची त्याची मागाहून यायची, खोली मिळाल्यावर, किंवा यायचीच नाहीत. संध्याकाळी गल्लीतून चाललं की आपलीच बोली कानावर पडायची, जेवून राह्यले का, आल्ते का गावाकडून. पुणं म्हणून जे मी मनात धरून आले होते ते मला त्या वस्तीत दिसलंच नाही. मला जागोजाग आमचाच मुलूख दिसला, तुकडे तुकडे होऊन राहिलेला.

मावशी सगळ्यांचं करायची. रॉकेलचा स्टोव्ह होता. त्यातल्या एका पोराला पगार बरा होता, त्याला वेगळा स्टोव्ह घेऊन कोपऱ्यात आपलं आपण करून खायचं होतं, म्हणजे मावशीचा तेवढाच भार हलका. मी तिथं असतानाच त्यानं हे काढलं. मावशीचे हात थांबले.

"माझ्या घरात न्हाई," ती म्हणाली. "जेवायचं तर इथंच जेव. जायचं तर खोली बघून जा. पण एका छपराखाली दुसरं न्हाई पेटवायचं."

पोरगा गांगरला, त्याला वाटलं आपण काहीतरी वाईट बोललो. मावशीनं मग त्याला जास्तीची पोळी वाढली. ती आता भाकरी क्वचितच करायची. ती माझ्याकडे न बघता स्टोव्हला पंप मारत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, आक्काला सांग, उन्हाळ्यात ये म्हणावं, गर्दी आहे पण होईल सोय.

माझी बहीण मात्र बदलली होती. ती शाळेत हुशार निघाली होती, 'करून राह्यले' म्हणत नव्हती, 'करतेय' म्हणत होती. मी बोलले की तिच्या मैत्रिणी हसायच्या आणि ती माझ्या वतीनं ओशाळायची. आम्हाला एकमेकींशी काय बोलावं ते सुचेना. झोपायला तिला खाटेवर जागा होती, मी मावशीजवळ खाली. तिच्या झोपेतल्या बोलण्याची मी वाट बघायची. पण आता ती गाढ झोपायची, काही बोलायची नाही.

निघायच्या दिवशी ती मला पोचवायला स्टेशनपर्यंत आली. गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर तिनं एकदम विचारलं, मस्तगडाचा चढ अजून तेवढाच आहे का गं. मला वाटायचं केवढा मोठा चढ आहे. मी म्हटलं, तेवढाच आहे. मग आम्ही दोघी बोलायला लागलो, आणि बोलणं सुरू झालं तेवढ्यात गाडी लागली.

जालन्याला आल्यावर मायनं मला समोर बसवून सगळं विचारलं. कोण कोण आहे, कोण कुठं झोपतं, कोणाला काय आवडतं, मावशीचा पाय दुखतो का. नाती न सांगता येणारी माणसं तिनं दोन-दोनदा विचारून घेतली. मी स्टोव्हचीही गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली, आणि ऐकून झाल्यावर म्हणाली, "लई माणसं आहेत तिच्याकडं. बरं आहे."

दोघी बहिणी नंतर लग्नकार्यात भेटत राहिल्या, मयतीला भेटत राहिल्या. एक-दोन दिवस सोबत, मग जिची तिची गाडी. एका घरात पुन्हा कधी राहिल्या नाहीत. दर उन्हाळ्यात माय पुण्याला जायचं म्हणायची, आणि दर उन्हाळ्यात घरात काहीतरी निघायचं.

आता दोघी नाहीत. माझी बहीण पुण्यातच आहे, नातवंडांची आजी झाली. माझ्या घरी आम्ही नवरा-बायको, दोनच माणसं, आणि दोन माणसांपुरतं पीठ मळताना मला हात आवरता येत नाही. फोनवर आम्ही बोलतो, तब्येतीचं, सुनांचं, पावसाचं. परवा तिनं सांगितलं, तिचे यजमान म्हणतात की हल्ली ती झोपेत बोलते. काय बोलते ते त्यांना कळत नाही, गावठी काहीतरी असतं म्हणे. मी विचारलं, शेळीला हाका मारतेस का. ती हसली, कसली शेळी म्हणाली. मग बराच वेळ दोघींपैकी कोणीच फोन ठेवला नाही.